पाचवे कारण

मी, दयाराम नामा कोळी, वय एकसष्ट, धंदा अर्ज लिहिण्याचा, राहणार कोंडबंदर, मुरुडजवळ, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे नुसते म्हणून भागत नाही. तीस वर्षे मी ते वाक्य दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत आलो आणि त्यांतल्या दोघांना त्या दिवशी आपल्या बायकोचे नाव आठवत नव्हते. म्हणून पुरावा देतो. आज सकाळी मी पंचायतीच्या नोटिशीतल्या दोन चुका काढल्या. सुकटीच्या कालवणात मीठ कमी आहे हे पहिल्या घासाला ओळखले. ते शकूने डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम कमी घातले आहे हेही ओळखले आणि गप्प जेवलो. यावरून वाचणाराने काय ते ठरवावे.

मुरुडच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले की घाई काही नाही, पण कागदपत्र करून ठेवा. मला कोणी भीड घातलेली नाही, धाक दाखवलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी माणसे. माझी पत्नी कमळ सन १९५८ च्या आषाढात वारली. मला मुलगा व मुलगी मिळून दोन अपत्ये. थोरला चंदर, वय तीस, मुंबईस गोदीत कामाला आहे व बायकोसह तेथेच राहतो. धाकटी शकुंतला, जिला सारे शकू म्हणतात, वय बावीस, लग्न झालेले नाही, माझ्यापाशी असते. माझा वडील भाऊ सदू शेजारच्या घरात राहतो. तो गेली साडेआठ वर्षे माझ्याशी बोललेला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

कलम २. माझी मिळकत. राहते घर, कौलारू, दोन खोल्या व पडवी. पोस्टातली बचत. मासळी वाळवण्याच्या मैदानावर गावच्या वाटणीत माझ्याकडे आलेली एका वलांडीची जागा. लिहिण्याचे डेस्क, टाक, दौती, हाताची खुर्ची आणि मसुद्यांचे एक बासन. हे सर्व माझ्या स्वतःच्या कमाईचे किंवा माझ्या नावचे आहे, वडिलार्जित नाही. वडिलांची होडी सदूकडे आहे व ती त्याचीच आहे. मला वडिलांनी तीनदा समुद्रावर नेले आणि तिन्ही वेळा मी ओकून ओकून आडवा झालो. तेव्हा ते म्हणाले, "याला शालंत घाला." मी सातवी पास झालो आणि मुरुडच्या कचेरीबाहेर बदामाच्या झाडाखाली डेस्क मांडून बसलो. संस्थान होते तेव्हाही तेच झाड आणि संस्थान विलीन झाले तेव्हाही तेच. अर्जाच्या डोक्यावरचे नाव तेवढे बदलले.

कलम ३. मसुद्यांचे बासन. हे मी आमच्या मच्छीमार सोसायटीस देतो. त्यात सन १९५४ चे दोन अर्ज एका दोऱ्याने बांधलेले आहेत. तो दोरा कोणी सोडू नये. पुढे गावातर्फे ज्याला कोणाला काही मागायचे असेल त्याने आधी हे दोन्ही अर्ज लागोपाठ वाचावेत. ते का, हे सांगण्यासाठी त्या साली काय झाले ते लिहिणे भाग आहे.

आमचे वाळवणीचे मैदान किनाऱ्याला लागून आहे. दसऱ्यानंतर तेथे वासे पुरतात, वाशांना दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात, आणि दोऱ्यांवर बोंबील टांगतात. पावसाळ्याच्या तोंडावर वासे उपटून घरात आणून ठेवतात. चार महिने तेथे गवताशिवाय काही नसते. त्या साली ऑगस्टात प्रांतसाहेब पाहणीला आले आणि त्यांना गुडघाभर गवत दिसले. शेजारच्या नारळवाडीचे मालक दामोदरशेट यांनी ती जागा लागवडीसाठी मागितली होती. साहेबांनी टिपण केले की जागा पडीक आहे, देण्यास हरकत नाही.

गावाने मला अर्ज लिहायला सांगितले. मी एका बैठकीत अकरा पाने लिहिली. खाडीच्या तोंडापासून टेकडीपर्यंतचा सारा किनारा अनादी काळापासून आमचा आहे असे लिहिले. दामोदरशेटना दरोडेखोर म्हटले. आमच्या लेकराबाळांचा तळतळाट सरकारला भोवेल असेही लिहिले. देवळात वाचून दाखवला तेव्हा बाया रडल्या. मला वाटले, आता कोण नाही म्हणतो. पंधरा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. अर्जात नवीन मुद्दा नाही, सबब विचार करता येत नाही.

त्या दिवशी भागुबाई माझ्या पडवीत येऊन बसल्या. भागुबाई आमच्या गावच्या, नवरा लवकर गेलेला, सुकी मासळी डोक्यावरून आणि पुढे एस.टी.ने माणगावच्या बाजारात नेऊन विकणाऱ्या. अक्षरओळख नाही. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या जमिनीवर बसल्या, मी खुर्चीवर होतो.

"दया, तू शिव्या बेस दिल्यास," त्या म्हणाल्या. "पन कारन कुठं दिलंस?"

मी म्हटले, "मावशी, अकरा पानं कारणंच आहेत."

"न्हाय. आपल्याला राग आलाय येवढंच हाय त्यात. साहेबाला आपला राग घेऊन काय करायचाय? त्याला काय दिसलं त्ये सांग."

"गवत दिसलं."

"गवत व्हतं का न्हाय?"

"होतं."

"मंग आधी व्हय म्हन. खरं हाय त्याला न्हाय म्हनलास तर पुढचं तुझं खरं कोन ऐकंल?"

त्या बाजारात गिऱ्हाइकाशी कशा बोलतात तेही त्यांनी सांगितले. बोंबील जरा काळपट असेल तर त्या आधीच सांगतात की काळपट आहे, धुक्यात वाळलाय. मग त्यात वाळूचा कण नाही हे सांगितल्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते. मी तीस रुपयांची कायद्याची पुस्तके वाचली होती. त्यांत हे कोठेही इतके सरळ लिहिलेले नव्हते.

दुसरा अर्ज लिहायला आम्हांला नऊ दिवस लागले. पहिला दिवस फक्त मागणीवर गेला. सारा किनारा मागायचा की काय? भागुबाईंनी विचारले, "देवळाच्या मागच्या दोन काळ्या दगडांपासून होड्या ओढायच्या उतारापर्यंत आपन वाळवतो हे दाखवता येतं. त्याच्या पलीकडचं दाखवता येतं का?" खाडीच्या बाजूचा पट्टा दाखवता येण्यासारखा नव्हता. तिथे तीनच वर्षांपूर्वी एकाने वलांडी घातली होती. तो पट्टा मी मागणीतून काढून टाकला.

मग पुरावा. अनादी काळापासून हा शब्द त्यांनी मला लिहू दिला नाही. म्हणाल्या, "त्यो काळ साहेबानं बघितलाय का तू बघितलास?" आम्ही दर वर्षी त्याच खड्ड्यांत वासे पुरतो आणि खड्ड्यांच्या तळाशी दगड बसवलेले असतात. हे मला जन्मापासून ठाऊक होते, पण तो पुरावा आहे हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. अर्जात लिहिले की साहेबांनी कृपा करून पुन्हा यावे, गवत बाजूला करावे आणि खड्डे मोजावेत. माणगावच्या एका व्यापाऱ्याचे पत्र जोडले की वीस वर्षे तो या गावची सुकी मासळी घेत आहे. गावातल्या शंभर अंगठ्यांच्या ठशांपेक्षा त्या एका पत्राला वजन जास्त, कारण त्या माणसाला आमच्या जागेशी काही देणेघेणे नव्हते.

सातव्या दिवशी मला वाटले की अर्ज झाला. भागुबाई म्हणाल्या, "आता तू दामोदरशेट हो. बोल."

मी थोडे बोललो, मला जागा द्या वगैरे.

"असा न्हाय. त्यो काय येडा हाय? चांगला बोल. मला जिकायचंच हाय असा बोल."

तेव्हा मी उभा राहून दामोदरशेटच्या बाजूने बोललो. जागा वर्षातले चार महिने रिकामी असते. नारळ बारा महिने उभा असतो. सरकारला शेतसारा मिळेल, गावच्याच माणसांना वाडीत काम मिळेल, वाऱ्याने उडणारी वाळू थांबेल. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की हे सगळे खरे आहे.

भागुबाई म्हणाल्या, "आता मला भ्या वाटलं. आता लिव."

पुढचे दोन दिवस त्या भीतीला उत्तर शोधण्यात गेले. शेवटी असे लिहिले की नारळ लावायला खाडीकडचा पट्टा आहे, मागची टेकडी आहे. पण बोंबील वाळवायला उघडा वारा, कोरडी वाळू आणि होड्यांचा उतार एका ठिकाणी लागतो व तसे ठिकाण गावात एकच आहे. वाडीत बारा माणसांना काम मिळेल. मैदान गेले तर साठ घरांचे जाईल. एवढेच लिहिले. अर्ज तीन पानांचा झाला. देवळात वाचला तेव्हा कोणी रडले नाही. एक म्हातारा म्हणाला, "येवढंच?"

प्रांतसाहेब नोव्हेंबरात पुन्हा आले. निकाल लागेपर्यंत त्या साली आम्ही वासे पुरले नव्हते. गवत त्यांनी स्वतः पायाने बाजूला केले. एकशे चौऱ्याऐंशी खड्डे मोजले. एका ठिकाणी हातभर खणवले तर वाळूत माशांची हाडे आणि खवले निघाले, थरावर थर. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे पहिल्या अर्जात का नव्हतं?" मी म्हणालो, "साहेब, पहिल्या अर्जात मी रागावलो होतो." ते हसले नाहीत, पण मान हलवली. डिसेंबरात हुकूम झाला. मैदान गावाकडे राहिले. खाडीकडचा पट्टा दामोदरशेटना मिळाला.

दामोदरशेट आज हयात नाहीत. त्यांना दरोडेखोर म्हटले ते मी या कागदाने मागे घेतो. त्यांनी जे मागितले ते कायद्याने मागितले. मुरुडच्या ज्या एका गृहस्थांनी तो दुसरा अर्ज आपणच लिहून दिला असे चार ठिकाणी सांगितले, त्यांना मात्र मी काही ठेवीत नाही आणि माफही करीत नाही. नाव लिहीत नाही. त्यांना कळेल.

कलम ४. हाताची खुर्ची भागुबाईंना द्यावी. नऊ दिवस मी तिच्यावर बसलो होतो आणि त्या जमिनीवर. त्या नको म्हणतील. त्यांच्या पडवीत नेऊन ठेवावी व निघून यावे.

कलम ५. वलांडीची जागा. ही मी माझा भाऊ सदू यास देतो. खाडीकडच्या पट्ट्यावर त्या अर्जाच्या तीन वर्षे आधी वलांडी घालणारा तो सदूच होता. माझ्या अर्जात तो पट्टा मागितलेला नाही हे त्याला साहेबांच्या तोंडून कळले, चारचौघांत. त्याने घरी येऊन मला एवढेच म्हटले, "माझी जागा तुझ्या कागदानं दिली." त्यानंतर बोललेला नाही. त्याची बायको मनुबाई हंगामाची पहिली मासळी दर वर्षी आमच्या दारात ठेवून जाते. ती त्याच्या सांगण्यावरून ठेवते हे मला ठाऊक आहे.

पट्टा वगळला हे बरोबरच होते असे मी आजही म्हणेन. तो धरून बसलो असतो तर मैदानही गेले असते. पण ज्याचे वगळायचे त्याच्या दारी आदल्या दिवशी जाऊन सांगायला हवे होते. सदूचे घर माझ्या घरापासून वीस पावलांवर आहे. मी गेलो नाही, कारण तो ओरडेल याची मला भीती होती. कागदावर मुद्दा कापताना माणूस कापला जात असेल तर त्याला आधी सांगावे. हे मला भागुबाईंनी शिकवले नाही. हे मी सदूकडून शिकलो. माझी जागा कमळ वापरीत असे, ती गेल्यापासून मोकळी आहे. सदूने ती घेतली नाही तर मोकळीच ठेवावी, दुसऱ्याला देऊ नये.

कलम ६. राहते घर. हे मी माझी मुलगी शकुंतला हिला संपूर्ण मालकीने देतो.

चंदर यावर हरकत घेईल. ती मी त्याच्या बाजूने नीट मांडतो. घर मुलाकडे जाते ही रीत आहे. शकूचे उद्या लग्न होईल आणि घर दुसऱ्या घराण्यात जाईल. सन १९६१ ला कौले बदलली ती चंदरने पाठवलेल्या पैशांतून. यांतले एकही म्हणणे खोटे नाही. रीत आहे हे खरे, पण ही मिळकत माझ्या कमाईची आहे आणि ती कोणास द्यावी हे कायद्याने माझ्यावर सोपवले आहे. घर दुसऱ्या घराण्यात जाईल हेही शक्य आहे, पण मुंबईस राहणाऱ्या चंदरकडे गेले तर त्याला कुलूप लागेल, हे त्याहून जास्त शक्य आहे. कौलांच्या बाबतीत त्याचे बरोबर आहे, म्हणून पोस्टातली सारी बचत मी त्याला देतो. शिमग्याला व नारळी पौर्णिमेला तो येईल तेव्हा आतली खोली त्याची असावी अशी माझी इच्छा आहे.

शकूला घर देण्याचे कारण असे की कमळ गेल्यापासून हे घर तिने चालवले. पण एवढेच लिहिले तर मी पुन्हा तेच करीन जे एकदा केले आहे. म्हणून पुढचे लिहितो.

सन १९५९ च्या मे महिन्यात शकूला अलिबागेस मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचे होते. तिने जेवताना विचारले. मी म्हटले, उद्या बोलू, आणि दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून चार कारणे सांगितली. अलिबागेस आपले कोणी नाही. तिची आई जाऊन वर्षही झाले नव्हते. ट्रेनिंगनंतर नेमणूक कुठल्या तरी लांबच्या वाडीवर होते. आणि गावच्या बायांना लिहायला शिकवायचे तर ते घरी बसूनही होते. प्रत्येक कारणाला दाखला दिला. तिच्या बाजूने काय म्हणता येईल तेही मीच मांडले आणि मीच खोडून काढले. भागुबाईंकडून शिकलेले सगळे मी त्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलीवर चालवले.

ती काही बोलली नाही. उठून भांडी घासायला गेली.

मी भागुबाईंना अभिमानाने सांगितले की पोरीला पटले. त्यांनी विचारले, "ती काय म्हनाली?"

"काहीच नाही."

"मंग पटलं कशावरून? ती बोललीच न्हाय." आणि टोपली उचलून गेल्या.

ती चारही कारणे खरी होती. पण मी त्या कारणांवरून निर्णयाला आलो नव्हतो. निर्णय आधी झाला होता, रात्रीच, आणि कारणे मी सकाळपर्यंत गोळा केली होती. पाचवे कारण मी सांगितले नाही. कमळ नव्हती, चंदर मुंबईला, आणि संध्याकाळी कचेरीतून आल्यावर घरात दिवा लावणारे कोणी नसेल, याची मला भीती वाटत होती. हे कारण सांगितले असते तर शकूला त्यावर काही उत्तर देता आले असते. कदाचित ती आपण होऊन राहिलीही असती. मी तिला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही. चार वर्षे मी ते जिंकलेले म्हणून धरून बसलो आहे.

कलम ७. डेस्क, टाक व दौती शकूला.

कलम ८. काल हा मसुदा मी शकूला वाचून दाखवला. ती निवडत असलेल्या तांदळांकडे पाहत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, सहाव्या कलमातली अट खोडा."

सहाव्या कलमात घर देताना मी लिहिले होते की शकूने मास्तरणीचे ट्रेनिंग पुरे करावे या अटीवर.

"का खोडू? तुझ्या भल्याचीच आहे."

"तुम्ही कारण काय लिहिलंय? मी घर चालवलं म्हणून घर माझं. ते झालेल्या कामाचं कारण आहे. मग अट पुढच्या कामाची कशी? कारण एक आणि अट दुसरीच. साहेबांनी विचारलं तर काय सांगाल?"

मी म्हणालो, "मी तुझं नुकसान केलं ते भरून काढतोय."

"त्या वेळी जायचं नाही हे तुम्ही ठरवलंत. आता जायचं हेही तुम्हीच ठरवताय. मला दोन्ही वेळा विचारलं नाही."

मी संध्याकाळपर्यंत उत्तर शोधले. बरी दिसणारी तीन सापडली. एकही बोललो नाही. टाक घेऊन ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली. मग विचारले, "तुला जायचं आहे का?"

ती म्हणाली, "अर्ज मार्चमध्येच दिलाय. सोमवारी उत्तर आलं. दहा जूनला हजर व्हायचंय."

"मसुदा कोणी केला?"

"मी. तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही लांबवला असता."

मी नक्कल मागितली. तिने पेटीतून काढून दिली. अर्ज अर्ध्या पानाचा आहे. चार वर्षे उशीर झाल्याचे तिने पहिल्याच ओळीत कबूल केले आहे. उशिराचे कारण म्हणून लिहिले आहे, "वडिलांना माझी गरज होती." मी ते दोनदा वाचले. मग तिला विचारले, हे तुला केव्हापासून ठाऊक होते? ती म्हणाली, "त्याच सकाळपासून. तुम्ही म्हणाला असतात तर मी राहिले असते, बाबा. न सांगता ठेवलंत म्हणून राग होता." आता आहे का, ते मी विचारले. ती म्हणाली, "थोडा आहे. जाईल." आणि तांदूळ धुवायला उठली.

ती नऊ जूनला निघेल. साळावपर्यंत एस.टी., तेथून खाडी ओलांडायला तरीची होडी, मग रेवदंडा, पुढे पुन्हा एस.टी. मी तरीपर्यंत सोबत जाणार आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोसायटीचे चिटणीस शिवदास यांनी करावी. ते मिळकतीत भागीदार नाहीत. वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, व तो माझ्या मनाप्रमाणे आहे. कलम सहामध्ये एक ओळ खोडलेली आहे. ती मी स्वतः खोडली असून त्यामुळे कलम अपुरे होत नाही.

सही : दयाराम नामा कोळी

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली व ज्यांनी एकमेकांदेखत आपल्या सह्या केल्या :

१. शिवदास गोमा कोळी, चिटणीस, मच्छीमार सोसायटी, कोंडबंदर. सही.
२. रतन हिरू कोळी, राहणार कोंडबंदर. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. खोडलेली ओळ काय होती हे त्यांनी विचारले, सांगितले, व ती खोडली हे बरे झाले असे ते म्हणाले.

मुक्काम कोंडबंदर, गुरुवार, दिनांक १६ मे १९६३.